पडीक माळ

पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात सुपे नावाचे गाव आहे. त्या परिसरातील खुरट्या झुडपांचा व गवताचा माळ शासनाने १९९७ मध्ये वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला. हेच मयूरेश्वर अभयारण्य. त्याचे क्षेत्र अवघे ५ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे.

चैत्रातील एका सकाळी आमच्या वर्गाची सहल तेथे गेली. उंच वृक्ष नाहीत, झरे नाहीत, दाट सावली नाही. जिकडेतिकडे हिवर, खैर, बोरी आणि वाळलेले गवत! "हे कसले अरण्य? हा तर पडीक माळ!" माझा सोबती म्हणाला. गुरुजी नुसते हसले.

इतक्यात शिंकेसारखा आवाज आला. बोरीच्या आडोशाला एक चिंकारा उभा होता. तांबूस पिंगट अंग, पांढरे पोट आणि वळ्यावळ्यांची शिंगे. त्याने आमच्याकडे टक लावून पाहिले, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि उड्या मारीत तो दिसेनासा झाला.

गुरुजी म्हणाले, "धोका जाणवला, की तो असाच आवाज करतो. पाल्यातील ओलाव्यावर तो पाण्यावाचून बरेच दिवस काढू शकतो. दाट जंगल त्याला मानवत नाही. त्याला असा मोकळा माळच हवा."

चिंकारा पुन्हा दिसावा, म्हणून माझा सोबती पायवाट सोडून धावला. तोच एक टिटवी कर्कश ओरडत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. "थांब! पाऊल उचलू नकोस!" गुरुजी म्हणाले. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर, उघड्या जमिनीवर चार अंडी होती. त्यांचा रंग मातीखड्यांत असा मिसळला होता, की ती आम्हांला प्रथम दिसेचनात! सोबती आल्या पावली हळूच मागे फिरला. आम्ही दूर गेल्यावर टिटवी पुन्हा अंड्यांवर येऊन बसली.

गुरुजी कोणावरही रागावले नाहीत. परतताना मात्र माझा सोबती पायवाटेच्या मधोमध, खाली पाहत चालत होता. फाटकापाशी येताच तो म्हणाला, "गुरुजी, मी माळाला पडीक म्हणालो, ते चुकले. येथे तर वीतवीत जागेत कोणाचे ना कोणाचे घर आहे!"

शब्दार्थ : खुरटे – वाढ न झालेले, मानवणे – सोसणे, अनुकूल असणे.

स्वाध्याय
१. टिटवी का ओरडू लागली?
२. सोबत्याचे माळाविषयीचे मत कशामुळे बदलले?
३. 'आल्या पावली' हा वाक्प्रचार वाक्यात योजा.