मुंगी काढून दाखवा

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, पुढचे वाचण्याआधी एक कागद आणि पेन्सिल घ्या. मुंगी शोधायला बाहेर जाऊ नका, आठवणीतूनच एक मुंगी काढा. वेळ दोन मिनिटे.

झाली? आता तपासू. शरीराचे भाग किती काढलेत? मुंगीच्या शरीराचे मुख्य भाग तीन: डोके, छाती आणि पोट. छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर असते. पाय किती काढलेत? सहा हवेत. आणि ते कुठून निघाले आहेत? सहाही पाय छातीतून निघतात, पोटाला एकही पाय नसतो. डोक्यावरच्या मिशा सरळ आहेत का? मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

वर्गात हा प्रयोग केला की बहुतेक चित्रांत मुंगीच्या पोटाला पाय फुटलेले दिसतात. कुणी आठ पाय काढतो, कुणी शरीर दोनच भागांचे करतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण विचार करण्यासारखे आहे. मुंगी आपण रांगत होतो तेव्हापासून पाहत आलो आहोत. तरी तिला पाय किती आणि कुठे, हे सांगता येत नाही. म्हणजे आपण मुंगी पाहिली, निरखली मात्र नाही. आजचा धडा या फरकाचा आहे.

पाठीचा कणा नसलेली दुनिया

ज्यांना पाठीचा कणा नसतो त्यांना अपृष्ठवंशीय प्राणी म्हणतात. मुंगी, डास, फुलपाखरू, कोळी, विंचू, खेकडा, गोगलगाय, गांडूळ, जळू हे सगळे त्यांतले. वाघ, हत्ती, गरुड, साप, मासे आणि आपण असे सगळे कणा असलेले प्राणी एकत्र केले, तरी विज्ञानाने आजवर नोंदवलेल्या दर 100 प्राणिजातींपैकी 5 सुद्धा भरत नाहीत. उरलेल्या 95 हून अधिक जाती कण्याविना जगतात.

परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला म्हणूनच रोजच्या रोज आनंद मिळतो. वाघ पाहायला त्याला अभयारण्यात जावे लागते, तेही नशीब असेल तर. कोळी मात्र बरॅकच्या कोपऱ्यातच जाळे विणत असतो. मैदानाच्या कडेला दगडाखाली गोम असते, नळाजवळच्या ओलीत गांडूळ असते. शाळा केरळात असो, आसामात असो की राजस्थानात, ही मंडळी दाराशी हजर असतात.

एक चित्रकार, एक सुरवंट

या दुनियेकडे नीट पाहायला ज्यांनी युरोपला शिकवले, त्यांत एका चित्रकार स्त्रीचे नाव फार वरचे आहे. मारिया झिबिला मेरिअन यांचा जन्म 1647 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात झाला. वडील नकाशे आणि चित्रे कोरून छापणारे, सावत्र वडील फुलांची चित्रे काढणारे. तेराव्या वर्षी मारियाने रेशमाचे किडे पाळले आणि अळीचा कोश व कोशाचा पतंग होताना रोज पाहून ठेवला.

त्या काळी किडे चिखलातून किंवा कुजलेल्या पदार्थांतून आपोआप निपजतात असे पुष्कळ लोक मानत. इटलीचे फ्रान्चेस्को रेदी यांनी 1668 मध्ये मांसाच्या बरण्यांवर प्रयोग करून दाखवले, की माशा पोहोचू शकत नाहीत तिथे अळ्या होत नाहीत. मेरिअन यांचा मार्ग वेगळा होता. त्या सुरवंट घरी आणून वाढवत, तो कोणते पान खातो ते नोंदवत आणि प्रत्येक अवस्थेचे चित्र काढत. 1679 मध्ये त्यांचे सुरवंटांवरचे पहिले पुस्तक निघाले.

1699 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, आपली चित्रे विकून पैसा उभा करून त्या धाकट्या मुलीला घेऊन जहाजात बसल्या. जायचे होते दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत. तिथे दोन वर्षे त्यांनी रानात आणि बागांत किडे गोळा केले, वाढवले, रंगवले. तिथल्या मूळ रहिवाशांची आणि गुलामीत राबणाऱ्या आफ्रिकी लोकांची मोठी मदत त्यांना झाली. कोणते झाड काय कामाचे आणि कोणता किडा कुठे सापडतो, हे ज्ञान त्यांचे होते. आजारपणामुळे 1701 मध्ये मेरिअन यांना परतावे लागले. 1705 मध्ये ॲमस्टरडॅमहून 60 मोठ्या चित्रांचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या चित्रांत नवे काय होते? अनेक संग्राहक फुलपाखराला टाचणी टोचून पेटीत ठेवत आणि चित्रकार ते तसेच काढत. मेरिअन यांच्या एकाच चित्रात झाड, त्याचे कुरतडलेले पान, त्यावरची अळी, फांदीला लटकलेला कोश आणि वर उडणारे फुलपाखरू, असे सगळे आयुष्य दिसते. कोण कुणाला खातो आणि कोण कुठे राहतो, तेही दिसते. परिसंस्थाशास्त्राला इंग्रजी-जर्मनमध्ये जे नाव आहे ते 1866 मध्ये तयार झाले. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी मेरिअन यांनी ते शास्त्र कागदावर रंगवले होते.

एकाच पानावर खरे आणि चूक

त्या पुस्तकातले एक चित्र प्रत्येक कॅडेटने कधीतरी पाहावे. पेरूच्या फांदीवर एक मोठा केसाळ कोळी छोट्याशा पक्ष्याला खातो आहे. पुढे 1830 च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी हे थोतांड ठरवले. कोळी कधी पक्षी खाईल का, असा त्यांचा प्रश्न. मग हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्गसंशोधकाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात अशाच कोळ्याने पकडलेले दोन लहान पक्षी स्वतः पाहिले आणि 1863 मध्ये आपल्या पुस्तकात लिहिले. मेरिअन यांच्या निधनाला तोवर जवळजवळ दीडशे वर्षे झाली होती. त्यांचे म्हणणे खरे ठरले.

पण त्याच चित्रात आणि त्याच्या वर्णनात एक चूकही आहे. सुरीनाममध्ये काही मुंग्या झाडाची पाने कापून वारुळात नेतात. दुसऱ्या काही मुंग्या टोळीने फिरतात, घरात शिरून किडे आणि कोळी फस्त करतात आणि खड्डा आडवा आला तर एकमेकींना धरून स्वतःच्या अंगाचा पूल करतात. या दुसऱ्यांना लष्करी मुंग्या म्हणतात. जाती वेगळ्या, सवयी वेगळ्या. मेरिअन यांनी दोघींची हकिकत एकाच मुंगीच्या नावावर लिहिली.

याचा अर्थ त्यांचे काम कमी दर्जाचे ठरत नाही. उलट चित्र आणि नोंद समोर होती, म्हणूनच पुढच्या माणसाला खरे काय आणि चूक काय हे तपासता आले. ज्याने काहीच लिहून ठेवले नाही, त्याची चूक सापडत नाही आणि त्याचे खरे बोलणेही सिद्ध होत नाही.

सिकंदराबादचा लष्करी डॉक्टर

आता आपल्या देशात येऊ. अल्मोड्यात जन्मलेले रोनाल्ड रॉस हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते. मलेरिया डासांमुळे पसरतो का, याचा शोध ते 1895 पासून घेत होते. सुमारे दोन वर्षे त्यांनी डास कापून पाहिले, हाती काही लागले नाही. कारण डास चुकीचे होते. डासांच्या जातींची नावे त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून जसे दिसतात तसे ते ओळखत: राखाडी, पट्टेरी आणि शेवटी ठिपकेदार पंखांचे. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे, मलेरियाच्या रुग्णाला चावलेल्या ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना मलेरियाच्या परोपजीवीच्या पेशी दिसल्या. 1902 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे रॉस कविताही लिहीत.

नाव माहीत नसताना रूप नीट पाहिले, म्हणून शोध लागला. आणि या शोधाची किंमत सैनिकाला विचारा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर 1943 मध्ये एका जखमी सैनिकामागे 120 सैनिक आजारी म्हणून मागे पाठवावे लागत होते, असे जनरल विल्यम स्लिम यांनी लिहून ठेवले आहे. त्या आजारांत मलेरिया मोठा होता.

आज तुम्ही साध्या डोळ्यांनी एवढे ओळखू शकता. भिंतीवर बसलेल्या डासाचे डोके खाली आणि पोट वर, अंग तिरके असेल, तर तो मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस गटातला असू शकतो. अंग भिंतीला समांतर असेल, तर बहुधा क्युलेक्स. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतील आणि दिवसा चावत असेल, तर एडिस, म्हणजे डेंग्यूचा धोका. पाण्यातल्या अळ्यांचे उलटे असते. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते, क्युलेक्सची डोके खाली करून लटकते. पेन्सिलीच्या दोन रेघांनी हा फरक दाखवता येतो.

कृती: एक प्राणी, एक पान, दहा मिनिटे

1. वहीच्या पानावर आधी तारीख, वेळ, जागा आणि हवामान लिहा.
2. प्राण्याकडे पाच मिनिटे नुसते पाहा. पेन्सिल उचलू नका.
3. मग चित्र काढा. शरीराचे भाग, पायांची संख्या आणि पाय कुठून निघतात, हे आधी. रंग आणि सजावट नंतर.
4. तो कशावर बसला आहे आणि काय करतो आहे, ते चित्रातच दाखवा.
5. खाली दोन ओळी वेगळ्या ठेवा: "मी पाहिले" आणि "मला वाटते". एकीतले दुसरीत जाऊ देऊ नका.
6. दोन वेगळे प्राणी एकाच पानावर घेऊ नका. मेरिअन यांची मुंगी आठवा.

विंचू, गोम, मधमाश्या आणि केसाळ सुरवंट यांना हात लावायचा नाही. उचललेला दगड होता तसा ठेवायचा. डासांच्या अळ्या पाहून झाल्या की ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतून टाकायचे.

स्वाध्याय

1. सुरुवातीला काढलेली मुंगी जपून ठेवा. आता खरी मुंगी पाहून दुसरी काढा आणि दोन्ही शेजारी चिकटवा.
2. कोळ्याला पाय किती? ते शरीराच्या कोणत्या भागातून निघतात? कोळी कीटक का नाही?
3. मृगाच्या पहिल्या पावसात आपल्याकडे जमिनीवर लालभडक, मखमली मृगाचा किडा दिसतो. हिंदी मुलखात त्याला बीरबहूटी म्हणतात. दिसला तर पूर्ण वाढलेल्या किड्याचे पाय मोजा आणि तो मुंगीचा नातलग की कोळ्याचा, ते ठरवा.
4. घरी फोन कराल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, की त्यांच्या लहानपणी हा किडा किती दिसायचा आणि आता किती दिसतो. त्यांचे उत्तर तारखेसह वहीत लिहा. आई-बाबांनीही सुट्टीत मुलांची ही वही मागून पाहावी आणि स्वतः एक मुंगी काढून दाखवावी.