जुन्या मॅटाडोरच्या अंगावरील ठिगळें

आपल्या भंडारा जिल्ह्यांत धानाची शेती करणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या अंगणांत बैलबंडीच्या शेजारीं एखादी जुनी मोटारगाडी उभी असलेली दिसते. अशा गाड्यांत मॅटाडोरचें नांव जुन्या लोकांच्या तोंडीं अजून आहे. जर्मनींतील टेंपो कारखान्याच्या सहकार्यानें १९५८ सालीं बजाज टेंपो ही कंपनी निघाली, आणि तिची मॅटाडोर १९६९ पासून रस्त्यावर आली. पुढें ती इतकी रुळली कीं, कोणत्याही लहान मालगाडीस लोक मॅटाडोरच म्हणूं लागले. २००५ सालीं कंपनीनें फोर्स मोटर्स हें नांव धारण केलें; मॅटाडोर मात्र आतां निघत नाहीं. तेव्हां ज्यांच्याजवळ ही गाडी आहे, त्यांनीं असलेलाच पत्रा राखला पाहिजे.

ह्या गाडीचीं पुढील चाकें इंजिनानें फिरतात. मागील चाकांकडे जाणारा दांडा नसल्यामुळें तिचा तळ ठेंगणा ठेवितां आला. पोतीं चढविण्यास हें सोयीचें खरें. परंतु तळ जितका जमिनीजवळ, तितका चिखलाचा मारा अधिक.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं अशी एक बाकांची गाडी जुनी म्हणून विकत घेतली. बाहेरून रंग चकचकीत होता. आषाढांत रोवणीकरितां बायांना बांधीवर नेत असतां मागील बाकाचा बोल्ट तळासकट उपटून आला, बाक कलंडलें आणि एका बाईचा पाय घोट्यापर्यंत तळाच्या आरपार गेला. गाडी अगदीं सावकाश चालली होती, म्हणून खरचटण्यावर निभावलें. घरीं येऊन रबरी चटई उचलली, तों खालीं तेलाच्या डब्याचा पत्रा रिबिटांनीं ठोकलेला, त्यावर डांबर, डांबरावर पुट्टी आणि पुट्टीवर रंग! मूळ पत्रा हातांत पापडासारखा मोडला. ठिगळ लावणारानें लबाडी केली हें खरें. पण घेतांना चटई उचलून पाहण्याचें काम माझें होतें, तें मीं केलें नव्हतें. त्या पायाची आठवण धरूनच पुढील माहिती लिहीत आहें.

गंज ठिगळाखालीं कां वाढतो

लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. गंज हा मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. म्हणूनच त्यावरील रंग फुगून फोड येतात. गंजावर पुट्टी भरली तर दोष झांकला जातो, थांबत नाहीं. पुट्टी स्वतः थोडें पाणी शोषून घेते, आणि ठिगळ व मूळ पत्रा ह्यांच्या फटींत एकदां शिरलेलें पाणी लवकर सुकत नाहीं. उघडा पत्रा निदान उन्हांत वाळतो. झांकलेला पत्रा सदा ओला राहतो. बेसुमार पुट्टी मारलेली गाडी उघड्या गाडीच्या आधीं कुजते, त्याचें कारण हेंच.

शेतकऱ्याच्या गाडीस आणखी एक शत्रु आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश हें खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचेंच भावंड. फाटक्या पोत्यांतून तें तळाच्या कोपऱ्यांत सांडतें, त्यावर कोंडा व माती बसते, आणि तो ओला गोळा पत्रा खात राहतो.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची प्रसिद्धि सर्वांस ठाऊक आहे. कल्हईवाला भांडें आधीं घासून स्वच्छ करतो, तापवितो, नवसागर लावतो, आणि मगच कथील फिरवितो. मळक्या भांड्यावर कल्हई धरत नाहीं. पत्र्याच्या कामाचा मूलमंत्र यापेक्षां निराळा नाहीं.

परीक्षा

बिघडलेल्या ध्वनिवर्धकांतील लोहचुंबक काढून त्यास पातळ फडकें गुंडाळावें व गाडीच्या सर्व अंगावर फिरवावें. जेथें तो पकडत नाहीं, तेथें पुट्टी जाड आहे असें समजावें. नंतर बोटाच्या पेरानें ठोकून पाहावें. निकोप पत्रा वाजतो, भरलेला पत्रा बद्द बोलतो. शेवटीं चटया, बाकें व आंतील पुठ्ठे काढून तळाच्या कडा, दाराखालील पोकळ पट्ट्या, चाकांवरील कमानी व बाकांच्या बोल्टांभोंवतालची जागा पेंचकसाच्या टोकानें दाबून पाहावी. टोंक शिरलें तर तो पत्रा मेलेला आहे.

मी पंचवीसहून अधिक वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथील संवयीनें मीं गाडीचा पंचनामाच केला: कागदावर चार बाजू व तळ रेखाटून प्रत्येक भोक, ठिगळ व फोड मांडून ठेविला. ह्याचा मोठा उपयोग झाला. काम किती आहे, त्यापैकीं आपल्या आवांक्यांतील कोणतें व कारागिराचें कोणतें, हें एका दृष्टींत दिसलें.

घरीं करावयाचें काम

प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. गाडीखालीं जावयाचें असेल तर केवळ जॅकवर विसंबूं नये. भक्कम लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडे लावावे. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवूं नये. वॉटर पेपर पाण्यांत भिजवून घासावा, तोंडास धूळरोधक मुखपट्टी व डोळ्यांस चष्मा लावावा.

नंतर छिन्नीनें व तारेच्या ब्रशानें जुनें ठिगळ, पुट्टी व डांबर संपूर्ण काढावें. येथें मन घट्ट करावें लागतें, कारण बोटाएवढें भोक पाहतां पाहतां ताटाएवढें होतें. भोक आपण मोठें केलें असें नव्हे. तें तेवढेंच होतें, आज दिसलें इतकेंच. चकाकणारा निकोप पत्रा लागेपर्यंत कापीत जावें.

मग जुन्या पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवावा व त्याबरहुकूम नवा पत्रा कापावा. मूळ पत्र्याइतक्याच जाडीचा साधा पोलादी पत्रा घ्यावा. १८ ते २० गेजचा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जाडीचा, बहुधा जुळतो. कोपरे गोल ठेवावे, कारण काटकोनांतून पुढें चीर जाते. जस्ती पत्रा जोडावयाचाच असेल तर कडेचें जस्त आधीं घासून काढावें. तापलेल्या जस्ताच्या धुरानें ताप भरतो. पोलादावर ॲल्युमिनियमचें ठिगळ ठोकूं नये. दोन निराळ्या धातूंमध्यें पाणी आलें कीं झीज वाढते.

जोडकामास कारागीर बोलवावा. खिडक्या-दरवाजे करणाराच्या जाड कांडीनें एवढा पातळ पत्रा जळून भोक पडतें. बारीक तारेचें वायु-वेल्डिंग करणारा पाहावा. तयारी आपण करून ठेविली तर त्याचें काम थोड्या वेळांत उरकतें व पैसा वांचतो. टांके एका टोंकापासून सलग न घालतां एक इकडे, एक तिकडे असे घालवावे, म्हणजे पत्रा तापून वांकत नाहीं. जवळ तणीस, पोतीं वा डिझेल नसावें. पाण्याची बादली भरून ठेवावी, आणि काम संपल्यावर एक तासभर तरी जागेवरून हलूं नये.

सांधा घासून सफाई झाल्यावर त्याच दिवशीं गंजरोधक प्रायमर लावावा. साधा प्रायमर पाणी पूर्णपणें अडवीत नाहीं, म्हणून रंगावांचून गाडी पावसांत उभी करूं नये. पुट्टीचा मला द्वेष नाहीं. निकोप पत्र्यावरील किरकोळ खळगा भरण्यास ती उत्तम. मात्र तिचा थर तीन मिलिमीटरहून जाड नसावा. जेथें अधिक लागेल तेथें पत्राच ठोकून सरळ करावा.

हात कोठें आखडावा

चासी, चाकांचे पाटे ज्या जागीं अडकतात ती जागा, सुकाणूची बैठक, दाराच्या बिजागऱ्यांचे खांब आणि बाकांचे बोल्ट ह्यांवर माणसांचा जीव अवलंबून असतो. तेथें घरगुती प्रयोग नकोत. जाणत्या कारागिराकडूनच, मूळ जाडीचा पत्रा घालून काम करवावें. दाराखालील पट्टी कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत आडवा दांडा जोडून घ्यावा व एका वेळीं एकच बाजू उघडावी. नाहीं तर सांगाडा खचून दारें लागेनाशीं होतात. चासीवर कोरलेला क्रमांक घासला जाणार नाहीं ही काळजी घ्यावी. खासगी गाडीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असून पुढें दर ५ वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. त्या तपासणींत तो क्रमांक पाहतात.

पाटे अडकण्याच्या दोन्ही जागा कुजलेल्या असतील व कारागीर नको म्हणत असेल, तर त्याचें ऐकावें. अशी गाडी अंगणांत शोभेस ठेवावी. तींत माणसें बसवूं नयेत.

ऋतु आणि निगा

आपल्याकडे हें काम होळीपासून मृगापर्यंतच्या काळांत करावें. धान निघालेलें असतें, हवा कोरडी असते, रंग नीट वाळतो. पावसाळ्यांत दमट हवेंत मारलेल्या रंगावर पांढुरकी झांक येते व आंत ओल कोंडते. पोकळ पट्ट्यांत आंतून मेणासारखा गंजरोधक लेप फवारावा, आणि तळाशीं मुळांतच ठेविलेलीं पाणी निघण्याचीं छिद्रें तारेनें मोकळीं करावीं. तीं बुजविणें म्हणजे बांधीची मोरी बुजवून पाणी तुंबविणें होय. खताची खेप झाली कीं त्याच दिवशीं तळ धुवावा, चटई उन्हांत घालावी.

माझी गाडी दोन उन्हाळे अंगणांत पडून होती. आज ती पुन्हां रोवणीस जाते. रंगांत कोठें कोठें फरक दिसतो, एक दार थोडें हिसका देऊन लावावें लागतें. पण चटई कोणीही उचलून पाहावी. पंचनाम्याचा कागद, त्याखालीं कोणत्या जागीं काय केलें ह्याची तारीखवार नोंद करून, गाडीच्या कागदपत्रांत ठेविला आहे. पुढें गाडी विकलीच तर तो घेणाराच्या हातीं देईन. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येक बंधूनें एवढें केलें, तर एकाचें झांकलेलें भोक दुसऱ्याच्या पायाखालीं येणार नाहीं.