कॉर्नवॉलची किनारवाट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉलचा द्वीपकल्प समुद्रात शिरला आहे. सॉमरसेटमधील माइनहेडपासून डॉर्सेटमधील पूल बंदरापर्यंत जाणाऱ्या ६३० मैलांच्या पायवाटेचा मोठा भाग याच किनाऱ्याने जातो. नकाशा पाहताच नवल वाटते, कारण ही वाट सरळ अशी जातच नाही. किनाऱ्याच्या प्रत्येक खाचेत उतरते, पुन्हा कड्यावर चढते. सारी चढण एकत्र मोजली तर सुमारे ३५ हजार मीटर भरते, म्हणजे जवळजवळ चार एव्हरेस्ट!

याचे कारण निसर्गसौंदर्य नव्हे, जकात होय. चहा, ब्रँडी, तंबाखू यांवर जबर कर असे. म्हणून चोरटा माल रात्री या खाचाखोचांत उतरे. १८२२ मध्ये तटरक्षक दल स्थापन झाले. त्याच्या शिपायांची नजर प्रत्येक खाचेच्या तळापर्यंत पोचावी लागे, म्हणून गस्तीची वाट कड्याची धार धरून राहिली. गावकऱ्यांना हे शिपाई नकोसेच होते. त्यांच्यासाठी वेगळी घरे बांधावी लागली.

१९४९ च्या कायद्याने लांब पायवाटांची सोय केली आणि कॉर्नवॉलचा भाग १९७३ मध्ये खुला झाला. वाट पुष्कळदा खाजगी शेतांतून जाते. जमीन शेतकऱ्याची, चालण्याचा हक्क सर्वांचा. 'वहिवाट' हा शब्द ज्याच्या घरी कोर्टाच्या कागदावरून आला आहे, त्याला यातली अडचण निराळी सांगावयास नको.

शिवाय समुद्र कडे पोखरतोच आहे. कडा ढासळला की वाटही जाते आणि नवी वाट आतल्या शेतातून काढावी लागते. हक्क सर्वांचा खरा, पण पट्टी एकाच्याच शेताची जाते. २००९ च्या कायद्यात, किनारा खचेल तशी वाट आत सरकविण्याची तरतूद आहे.