मीटर खूश, बँड गप्प

८० मीटर बँडसाठी पाव तरंगलांबीचा उभा अँटेना म्हणजे साधारण २० मीटरचा खांब. सोसायटीचं सोडाच, गावाकडच्या परसातही एवढा खांब कुणी सुखासुखी उभा करू देत नाही. मग हॅम मंडळी १० मीटरच्या फायबरच्या खांबाला तार बांधतात, बुडाशी कॉइल लावतात आणि अर्थिंगची एक सळई ठोकून मोकळी होतात. वेढे कमीजास्त करता करता एसडब्ल्यूआर १ वर येतो, की झालं! रात्री सीक्यूच्या हाका मारून घसा बसतो, पण ओ कुणी देत नाही.

गोम मीटरच्या भोळेपणात आहे. ३.६ मेगाहर्ट्झला १० मीटर तारेचा रेडिएशन रेझिस्टन्स जेमतेम ६ ओहम. मीटरला दिसतात ५०. उरलेले ४४ जमिनीने आणि कॉइलने भरलेले. म्हणजे १०० वॅटमधले १२ आकाशात जातात, बाकीचे गांडुळांना ऊब देतात. डमी लोड जोडला तरी मीटर १ च दाखवतो.

म्हणून जमिनीतला तोटा कमी करायला आधी रेडियल, म्हणजे बुडापासून जमिनीवर अंथरलेल्या तारा. ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन यांनी १९३७ मध्येच मोजमापं करून त्यांचं महत्त्व दाखवलं. नभोवाणीच्या मनोऱ्यांसारखे १२० कुणी घरी अंथरत नाही. खांबाइतक्या लांबीचे वीसपंचवीस टाकले तरी मोठा फरक पडतो. गंमत अशी की रेडियल वाढतात तसा एसडब्ल्यूआर बिघडतो. एकूण रोध १८ ओहमवर आला तर तो २.८ होतो. नवखे इथेच घाबरून रेडियल उपटतात! खरं तर अँटेना सुधारतोय. बुडाशी छोटी शंट कॉइल लावून ५० ओहमशी जुळवून घ्यावं.

मुख्य कॉइल साधारण २५ मायक्रोहेन्रीची लागते. बारीक तारेच्या, दाटीने गुंडाळलेल्या कॉइलचा क्यू ५० असेल तर तिच्यातच अकरा ओहम जातात, अँटेनाच्या वाट्यापेक्षा जास्त. जाड तांब्याची, वेढ्यांत फट ठेवलेली कॉइल दोनच्या आत भागवते.

त्याहून बरा उपाय म्हणजे टोकाला आडव्या तारा. कॉइल लहान होते, रेडिएशन रेझिस्टन्स वाढतो. समोर नारळाचं झाड असेल तर तार १० मीटर वर नि साधारण तेवढीच आडवी न्यावी. कॉइलचा प्रश्नच मिटतो.

कॉइल ठेवलीच, तर १०० वॅटला तिच्या वरच्या टोकाशी १३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. पोरंबाळं, कुत्री पोचणार नाहीत असं कुंपण हवं. वळवाचे ढग दिसायला लागले की फीडर रिगपासून काढून घराबाहेर ठेवावा.