थंडीच्या रात्री आणि ट्रेमधला हिरवा चारा



मटकीला उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात आणि पौषात तीच मटकी दोन दिवस वाट बघायला लावते, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. मग आपण काय करतो? फडक्यात गच्च बांधतो, डब्यात घालतो आणि डबा चुलीच्या उबेला सरकवतो. हायड्रोपोनिक चारा, म्हणजे मातीशिवाय ट्रेमध्ये उगवलेला मका, हे त्या मटकीचंच मोठं रूप आहे. फक्त इथं मोडावर थांबायचं नसतं, आठ-दहा इंच पात वाढवायची असते.

उमरगा तालुक्यात ज्यांच्याकडे विहीर-बोअरचं रान आहे, त्यांना डिसेंबर-जानेवारीत हिरव्याची फारशी चिंता नसते. हा पाठ आहे तो ज्यांच्या दारात दोन-चार उस्मानाबादी शेळ्या आहेत पण जमीन नाही, त्यांच्यासाठी. कडबा आणि तुरीच्या भुसकटावर शेळी जगते हो, पण गाभण असली किंवा जुळी करडं पीत असली की थोडं हिरवं लागतंच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. एक किलो मक्यापासून साधारण पाच-सहा किलो चारा मिळतो, पण वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं. सुका भाग उलट थोडा कमीच होतो, कारण उगवताना दाणा स्वतःतलंच खाऊन वाढतो. म्हणून हा चारा कडब्याच्या जागी नाही, कडब्याच्या जोडीला द्यायचा. मोठं यंत्र घ्यायला गटातून कर्ज काढू नका. बांबूचा मांडव आणि भोकं पाडलेले ट्रे पुरतात.

आता थंडीचं. "सात-आठ दिवसांत चारा तयार" असं सगळीकडे सांगतात. आपल्या देशात या चाऱ्यावर बरंच काम जुन्या गोव्याजवळ एला इथल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलात झालं. गोव्यात रात्री आपल्यासारखा गारठा कुठला? मक्याला उगवायला २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब मानवते. १५ च्या खाली तो रेंगाळतो, १० च्या आसपास जवळजवळ थांबतोच. थंडीची लाट आली की मराठवाड्यात पारा १० च्याही खाली उतरतो. म्हणजे दिवसा वाढलेलं रात्री थांबतं आणि सात दिवसांचे दहा-अकरा होतात.

उशीर झाला तर झालं, असं म्हणून चालत नाही. दाणा ओला आहे पण वाढत नाही, हीच बुरशीची आवडती वेळ. बुरशीचा चारा खाऊन शेळी पोटफुगीनं, हगवणीनं आजारी पडते, गाभण शेळी गाभडूही शकते. दहा किलो मका वाया गेला तर अडीचशेच्या आसपास रुपये जातात, शेळी गेली तर वर्षाचा हप्ता जातो.

म्हणून आधी जागा बघा. जुन्या माळवदाच्या घरात एखादी रिकामी खोली असेल तर तिच्यासारखी जागा नाही. जाड भिंत आणि मातीचं छत दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवतात. पत्र्याच्या खोलीचं उलटं आहे: पत्रा दुपारी तापतो आणि रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे त्यावर दव धरून थेंब थेट ट्रेमध्ये पडतात, आणि जिथं थेंब तिथं बुरशी. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या पसरा आणि आतून हातभर खाली जुनी साडी किंवा गोणपाट ताणून बांधा. गार हवा खाली बसते, त्यामुळे नुकते भरलेले ट्रे वरच्या फळीवर आणि मोठी झालेली पात खालच्या फळीवर ठेवा.

खोली उघडी कधी, बंद कधी, हे ठरवून टाका. सकाळी नऊच्या पुढं ऊन तापलं की दार-खिडकी उघडायची, कोंदट हवा जाऊ द्यायची. दुपारी चारला, ऊब आत असतानाच, बंद करून दाराला कोरडं गोणपाट किंवा वाकळ लावायची. दिवे लागल्यावर बंद केली तर आत थंडीच कोंडली जाते.

पाण्याचे ड्रम हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय. २०० लिटरचा काळा ड्रम उन्हात तापवायचा. भरलेला ड्रम हलत नाही, म्हणून तो खोलीतच, जिथं खिडकीतून ऊन येतं तिथं ठेवा किंवा उन्हात तापलेल्या घागरी-कॅन संध्याकाळी आत आणा. एवढं पाणी रात्रीतून पाच अंशांनी जरी गार झालं, तरी साधारण एक युनिट विजेइतकी ऊब सोडतं. बिल शून्य.

काही ताया विचारतात, शेगडी ठेवली तर? नका ठेवू. बंद खोलीत कोळशाचा जो वायू होतो त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि शेजारी झोपलेलं माणूस उठत नाही. विजेचा हीटरही नको. ओली जमीन, ओले हात, जोडलेली वायर, यातून शॉक बसायला कितीसा वेळ लागतो! एलईडी दिव्यानं ऊब येत नाही, ते पैसे वाचवा.

पाणी देण्याची पद्धत बदला. उन्हाळ्यात दर दोन तासांनी शिंपडतो, थंडीत दिवसातून चार-पाच वेळा पुरे. पहिलं पाणी उन्हं आल्यावर आणि शेवटचं चारच्या आत. पात रात्री कोरडी राहिली पाहिजे, कारण ओली पात वाळताना आणखी गार होते. टाकीत रात्रभर निवलेलं पाणी सकाळी मारू नका. बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, ते वापरा.

मका धुऊन तरंगणारे, फुटके दाणे काढा. कोमट पाण्यात उन्हाळ्यात बारा तास भिजवतो, आता अठरा-वीस तास, मध्ये एकदा पाणी बदलून. मग गोणपाटात बांधून चुलीजवळ, मोड दिसेपर्यंत. एरवी एक दिवस लागतो, आता दीड-दोन. ही पायरी उबेत नीट झाली तर पुढचं निम्मं काम झालं. फार गारठा असेल त्या आठवड्यात गहू लावून बघा, तो रब्बीचाच आहे, थंडी सोसतो. पेरणीचं लाल-गुलाबी औषध लावलेलं बियाणं मात्र कधीच नाही. आणि घरात आहे म्हणून ज्वारी तर मुळीच नको. कोवळ्या ज्वारीनं किराळ लागतं, आणि शेळी डोळ्यांदेखत जाते.

ट्रेंचं गणितही बदलतं. रोज एक ट्रे कापायचा असेल तर चाऱ्याला जितके दिवस, तितके ट्रे लागतात. तुमच्याकडे आठच असतील तर थंडीत दोन-तीन दिवस खाडा पडेल. तेव्हा कोवळा ट्रे कापण्यापेक्षा रोजचा वाटा कमी करा आणि तो व्यालेल्या शेळीला आधी द्या. नव्या शेळीला मूठभरापासून सुरुवात करायची, मग आठवडाभरात अर्धा किलोपर्यंत.

मुळांवर पांढरं दिसलं की लगेच घाबरू नका. मुळाला चिकटून सरळ उभे बारीक केस असतील आणि पाणी शिंपडल्यावर दिसेनासे झाले, तर ती मुळाचीच लव. कोळ्याच्या जाळ्यासारखं दाण्यांवर पसरलेलं, बुळबुळीत, आंबूस-कुबट वासाचं असेल तर बुरशी. वरची पात कापून "एवढं चालतंय" करू नका, अख्खा ट्रे उकिरड्यावर टाका. ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवा.

कमाल-किमान दाखवणारा एक थर्मामीटर गटात मिळून घ्या. खालच्या फळीवर ठेवून रोज सकाळी रात्रीचा सगळ्यात कमी आकडा वहीत लिहा, शेजारी त्या दिवशी भरलेल्या ट्रेची तारीख आणि तो कापला ती तारीख. पुढच्या मासिक बैठकीला ती वही घेऊन या. माळवद, पत्रा आणि मांडव, तिन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघू.