यंत्राची नजर, सरकारी पैसा आणि खार जमिनीतील भात

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेस राई, मुर्धे, मोर्वा ही गावे आहेत. इमारतींच्या रेट्यातून तेथे जी काही भातखाचरे शिल्लक राहिली आहेत, ती खाडीपासून फारशी दूर नाहीत. अशा खाचरात भाद्रपदात पावसाने उघडीप दिल्यावर पानांचे शेंडे वाळू लागले, तर त्याची निदान तीन कारणे संभवतात.

पहिले कारण करपा. हा बुरशीजन्य रोग होय. यात पानावर डोळ्याच्या आकाराचे, दोन्ही टोकांस निमुळते ठिपके पडतात. ठिपक्याचा मध्य राखाडी व कडा तपकिरी असते. ठिपके एकमेकांत मिसळले म्हणजे पान करपते, आणि रोग लोंबीच्या देठापर्यंत पोहोचल्यास मानमोडी होते. दुसरे कारण कडा करपा. याचे मूळ जिवाणूंत आहे. पान शेंड्याकडून व कडांकडून नागमोडी रेषेत पिवळे पडत खाली वाळत येते. तिसरे कारण रोग नव्हेच, ते खारेपण होय. उधाणाचे पाणी बांधाच्या खांडीतून किंवा नादुरुस्त उघाडीतून आत शिरले, अथवा पाऊस ताणल्याने तळचा क्षार वर आला, की पानांचे शेंडे पांढरट होऊन वाळतात आणि रोपे खुरटतात.

पहिल्यावर शिफारशीनुसार बुरशीनाशक चालते. दुसऱ्यावर ते चालत नाही. तेथे नत्राचा पुढील हप्ता थांबविणे आणि रोगट खाचरातील पाणी शेजारच्या खाचरात जाऊ न देणे अगत्याचे असते. तिसऱ्यासाठी बांध दुरुस्त करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. तेथे फवारणीवर खर्च केलेला रुपाया वाया जातो. अर्थात निदान चुकले की औषधाचा व मजुरीचा पैसा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे उपायाचे दिवस निघून जातात.

हे निदान छायाचित्रावरून यंत्राने करावे, असा प्रयत्न आता सरकारी खर्चाने चालू आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. शेतकऱ्याने किंवा कार्यकर्त्याने मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि संगणकाने कीड अथवा रोग ओळखून सल्ला द्यावा, अशी तिची योजना आहे. आरंभी ६१ पिके व ४०० हून अधिक किडी तिच्या कक्षेत घेतल्या गेल्या. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी २०२५ ते २०२९ या काळासाठी स्वतंत्र धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. हा पैसा जनतेचा आहे. म्हणून त्यातून काय घडते व काय घडत नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यास समजले पाहिजे.

यंत्र पाहते म्हणजे काय?

यंत्रास डोळा नसतो. छायाचित्राचे ते हजारो बारीक चौकटींत विभाजन करते आणि प्रत्येक चौकटीच्या रंगाचे व उजेडाचे आकड्यांत रूपांतर करते. हे पान करप्याचे, हे कडा करप्याचे, हे निरोगी, अशी जाणकाराने नावे दिलेली हजारो चित्रे त्यास दाखवितात. कोणत्या नावाशी आकड्यांची कोणती ठेवण जुळते, हे ते हळूहळू आपल्यापुरते ठरविते. पुढे नवे चित्र आले की त्याच ठेवणीशी ताडून नाव सांगते. त्यास जे कधी दाखविले नाही, ते ते ओळखू शकत नाही. मात्र ‘ठाऊक नाही’ असे न म्हणता जवळचे एखादे नाव ठोकून देण्याकडे त्याचा कल असतो, आणि धोका येथेच आहे.

या विद्येचा एक जुना धागा मुंबईतच सापडतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सरकारी पैशातून ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. तो उभारणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन यांनी पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अणुकणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राने कशी वाचावीत, यावर मोलाचे काम केले व नंतर ते मुंबईस परतले. त्या काळी या कामातून बाजारात विकण्याजोगे काहीच निघत नव्हते. सरकारचा हात आखडला की अशी विद्या कशी खुंटते, हे इंग्लंडात दिसले. तेथे १९७३ च्या लाइटहिल अहवालाने यंत्रमानव व यांत्रिक बुद्धीच्या संशोधनावर कठोर टीका केली आणि त्यानंतर बहुतेक विद्यापीठांतील अनुदाने आटली.

भारतात डिसेंबर २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर होऊन देशात २५ तंत्रकेंद्रे स्थापन झाली. पवईच्या आय.आय.टी.त त्यांपैकी एक आहे. शेती व पाण्याचे केंद्र मात्र पंजाबात रोपड येथे आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांचे प्रगत केंद्र उभे राहिले. ज्या प्रकल्पातून ते निघाले, त्याचा निम्मा भार जागतिक बँकेच्या कर्जाने व निम्मा भारत सरकारने उचलला होता. खासगी भांडवल साहजिकच मोठ्या क्षेत्राच्या व नगदी पिकांमागे जाते. खाडीकाठच्या दहा गुंठे भातासाठी यंत्र शिकविण्यात कोणास नफा नाही. म्हणूनच हे काम सरकारी पैशाने व्हावयास हवे. परंतु पैसा केवळ यंत्रखरेदीत व सभा-प्रदर्शनांत खर्ची पडला, तर खार जमिनीतील शेतकऱ्याच्या वाट्यास काहीच येणार नाही.

नव्व्याण्णवावरून एकतीसवर

याविषयी एक प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेत व स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या तिघा संशोधकांनी पानांची ५४,३०६ छायाचित्रे देऊन यंत्र शिकविले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच संग्रहातून बाजूस ठेवलेल्या चित्रांवर यंत्राने शेकडा ९९ हून अधिक उत्तरे बरोबर दिली. निराळ्या परिस्थितीत घेतलेली चित्रे पुढे ठेवताच बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ३१ च्या आसपास घसरले. शिकविण्याच्या संग्रहात एकेक पान तोडून सपाट, मोकळ्या पार्श्वभूमीवर ठेवलेले होते. शेतात मात्र पानामागे पान असते, दव असते, चिखल उडालेला असतो. त्या संग्रहात १४ पिके होती. टोमॅटो, बटाटा, सफरचंद होते, पण भात नव्हता. ही गोष्ट संशोधकांनी स्वतःच उघडपणे मांडली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मात्र बहुधा पहिलाच आकडा छापला जातो.

राई-मुर्ध्याच्या खाचरास हे जसेच्या तसे लागू पडते. गोड्या जमिनीतील भाताची चित्रे पाहून तयार झालेल्या यंत्रास खारेपणाने वाळलेला शेंडा दाखविला, तर ते त्यास कडा करपा म्हणण्याचा संभव मोठा आहे. यंत्राचा त्यात दोष नाही. त्यास खार जमीन कोणी दाखविलेलीच नाही.

कार्यकर्त्याने करावयाचे काम

महाराष्ट्रात २००८ साली सोयाबीनवर किडींचा मोठा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प चालू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजण्याची शिस्त त्याने घालून दिली. तीच शिस्त छायाचित्रास लावावयाची आहे.

छायाचित्र घेण्यापूर्वी निदान पक्के करावे. कडा करप्याची शंका असल्यास, जेथे हिरवा व वाळलेला भाग मिळतो तेथून पानाचा बोटभर तुकडा ताज्या कापाने घ्यावा आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. जिवाणू असतील तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धार पाण्यात उतरताना दिसते. पेला उजेडासमोर धरल्यास ती स्पष्ट होते. जुन्या, पूर्ण वाळलेल्या पानावर ही चाचणी फसते. धार दिसली नाही आणि डोळ्यासारखे ठिपकेही नाहीत, तर पाण्याची वाट शोधावी. नुकसान बांधाकडे किंवा उघाडीकडे अधिक व आत कमी आहे काय, जमीन सुकल्यावर पांढरी पुटी येते काय, मागील उधाणास पाणी आत आले होते काय, हे शेतकऱ्यास विचारावे. हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नसते. खात्रीसाठी मातीचा नमुना तपासून घ्यावा.

त्यानंतर एक छायाचित्र जवळून, एक संपूर्ण चुडाचे व एक खाचराचे घ्यावे. निरोगी रोपाचेही घ्यावे. निरोगी म्हणजे काय, हेही यंत्रास शिकावे लागते. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसतात, वरून घेतलेल्या चित्रात ते येतच नाहीत. म्हणून रोपे बाजूस सारून खाली पाहावे. तारीख, वाण, जमीन खार की गोडी, निदान कशावरून ठरविले, ही नोंद सोबत असावी. खात्री नसेल तेथे ‘अनिश्चित’ असेच लिहावे. चुकीचे नाव दिलेले चित्र यंत्रास चुकीचाच धडा देते, आणि तो धडा पुढे हजारो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतो. चित्र कशासाठी घेतले जात आहे, हे शेतकऱ्यास आधी सांगावे.

शेतात चालणाऱ्या यंत्रमानवाविषयी तूर्त थोडकेच सांगता येते. कोरड्या, सरळ ओळींच्या पिकात त्याचे काम पुष्कळ सोपे असते. कोकणातील चिखलणी केलेल्या, अरुंद व वेड्यावाकड्या बांधांच्या खाचरात चाक रुतते, वळण्यास जागा नसते आणि पाण्यात पडलेल्या आकाशाच्या प्रतिबिंबाने त्याची नजरही फसते. या अडचणी कर्जतचे भात संशोधन केंद्र व पनवेलचे खार जमीन संशोधन केंद्र यांच्या प्रक्षेत्रांवर प्रत्यक्ष अजमाविल्या गेल्या, तरच त्यांवर होणारा खर्च कारणी लागेल.

तोवर मोबाइलने सांगितलेले रोगाचे नाव ही शंका समजावी, निदान समजू नये. पेल्यातील पाण्याची चाचणी होईपर्यंत फवारणीचा पंप भरू नये. यंत्राचे उत्तर व चाचणीचे उत्तर निराळे आले, तर दोन्ही उत्तरे छायाचित्रासह तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे लेखी कळवावीत.