महिनाभर वाचली की महिन्यात वाचली?



आजच्या पाठात ओवी नाही, श्लोकही नाही. आज थोडं इंग्रजी. दचकू नका, शेवटी एकादशीपर्यंत पोचणारच आहोत.

तुमच्यातले बरेच जण मला इंग्रजीत लिहितात. त्यात एक वाक्य हमखास असतं : 'आय ॲम रीडिंग ज्ञानेश्वरी सिन्स टू इयर्स.' भाव छान पोचतो, पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याच्या कानाला ते वाक्य खटकतं. याचं कारण आपल्या 'पासून'मध्ये आहे. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे आपण एकच शब्द बिनधास्त वापरतो. इंग्रजी मात्र आधी विचारतं, तू सुरुवात सांगतोयस की लांबी? सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स' : सिन्स मंडे, सिन्स २०२२. लांबी सांगायची असेल तर 'फॉर' : फॉर टू इयर्स.

बरं, नुसतं 'सिन्स' काढून 'फॉर' घातलं की झालं, असंही नाही. क्रियापद सांभाळायला लागतं. 'आय हॅव बीन चँटिंग फॉर टेन इयर्स' म्हणजे दहा वर्षं झाली, अजून नाम चालू आहे. 'आय चँटेड फॉर टेन इयर्स' म्हटलं, की समोरचा हळूच विचारेल, मग सोडलं का? आपण 'दहा वर्षं झाली, करतोय' म्हणतो तेव्हा 'करतोय'मध्येच मागची दहाही वर्षं येतात. इंग्रजीच्या साध्या चालू वर्तमानकाळात ती मावत नाहीत, म्हणून ते 'हॅव बीन' जोडावं लागतं.

आता मला जास्त आवडणारा भाग. ही दोन वाक्यं बघा :

मी महिनाभर हरिपाठ वाचला.
मी महिन्यात ज्ञानेश्वरी वाचली.

पहिल्यात फक्त वेळ दिला. दुसऱ्यात ग्रंथ पुरा झाला. इंग्रजीत पहिल्याला 'फॉर अ मंथ', दुसऱ्याला 'इन अ मंथ'. शाळेत हे फरक पाठ करायला लावतात आणि आपण कंटाळतो. पण हाच फरक पाणिनीने अष्टाध्यायीत लागोपाठच्या दोन सूत्रांत सांगून ठेवला आहे, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, पाचवं आणि सहावं सूत्र. काम तेवढा वेळ सलग चाललं तर कालवाचक शब्दाला द्वितीया : 'मासम् अधीते', महिनाभर शिकतो. त्या वेळात काम फळाला गेलं तर तृतीया : 'मासेन अधीतः', महिन्यात शिकून झालं. म्हणजे 'फॉर' म्हणजे द्वितीया, 'इन' म्हणजे तृतीया, असं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. (संस्कृत घेतलेल्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये. परीक्षेत हे सूत्र पाठ होतं, फोनवर बोलताना आठवत नाही.)

पण भविष्यकाळात याच 'इन'ची एक खोच आहे आणि ती माणसाला रडवू शकते. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. मागच्या वर्षी त्याच्या मानेवरची एक गाठ तपासायला पाठवली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रिझल्ट 'इन टू वीक्स'. त्याने आईला सांगितलं, "आई, दोन आठवड्यांत कळेल." शब्दाला शब्द बरोबर! पण मराठी 'आठवड्यांत' म्हणजे त्याच्या आत, कधीही. काकू तिसऱ्या दिवसापासून फोन हातात घेऊन बसल्या. आठव्या दिवशी "अजून नाही कळलं?" दहाव्या दिवशी त्यांनी ठरवूनच टाकलं, की रिपोर्ट आलाय, वाईट आहे आणि पोरगं लपवतंय. जेवण सुटलं. चौदाव्या दिवशी फोन आला : गाठ साधी आहे.

कुणी काही लपवलं नव्हतं. डॉक्टरांचं 'इन टू वीक्स' म्हणजे आजपासून दोन आठवडे मोजायचे आणि मग, त्या सुमाराला. 'आत' म्हणायचं असतं तर ते 'विदिन' म्हणाले असते. माझ्या मते मुलाने सांगायला हवं होतं, "दोन आठवड्यांनी कळेल." एवढ्या एका 'नी'ने काकूंचे दहा दिवस वाचले असते. हा 'नी'सुद्धा तृतीयेचाच आहे बरं का. गीतेच्या चौथ्या अध्यायात, योगाची परंपरा दीर्घ काळाने लोपली असं भगवान सांगतात, तिथलं 'कालेन' हे रूपही तृतीयाच.

'पर्यंत'चंही असंच दुहेरी काम आहे. 'शुक्रवारपर्यंत दे' म्हणजे 'बाय फ्रायडे', गुरुवारी दिलंत तरी चालेल. 'शुक्रवारपर्यंत थांब' म्हणजे 'अंटिल फ्रायडे', गुरुवारी उठून गेलात तर नाही चालणार. ऑफिसच्या मेलमध्ये 'सबमिट अंटिल फ्रायडे' लिहिणाऱ्यांनी यातलं आपलं कुठलं, ते बघावं. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम'बद्दल मात्र काळजी नको. आपलं 'वेळेवर' आणि 'वेळेत' अगदी तेच सांगतं.

राहिला 'फोर्टनाइट'. हा शब्द इंग्लंड-ऑस्ट्रेलियात रोजचा, अमेरिकेत क्वचित. तिथे सरळ 'टू वीक्स' म्हणतात. मूळ जुन्या इंग्रजीतलं, 'चौदा रात्री'. आठवड्यालाही पूर्वी 'सेनाइट' म्हणत, म्हणजे सात रात्री. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय, की हे लोक दिवस नाही, रात्री मोजतात. नवरात्र बसवणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

शब्दकोशात 'फोर्टनाइट'समोर 'पंधरवडा' दिलेला असतो. बोलण्यापुरता तो ठीक आहे, पण दोन्ही एक नाहीत. फोर्टनाइट म्हणजे पक्के चौदा दिवस, त्यामुळे तो नेहमी त्याच वारी परततो. आपला पक्ष चंद्राचा, सरासरी पावणेपंधरा दिवसांचा, म्हणून वार पुढे सरकतो. वर्षात फोर्टनाइट सव्वीस बसतात. एकादशा एरवी चोवीस, अधिक महिना आला तर सव्वीस.

तेव्हा ज्यांनी फोनवर एकादशीच्या उपवासाला 'एव्हरी टू वीक्स' असं रिमाइंडर लावून ठेवलंय, त्यांनी ते आजच काढा. पहिल्याच खेपेला ते एखाद दिवस आधी वाजायला लागेल आणि तीन-चार महिन्यांत पंचमीच्या आसपास तुम्हाला साबुदाणा भिजवायला लावेल. पंचांगात बघून एकेक तारीख टाका, वर्षाचं काम दहा मिनिटांत होतं. 'इन टेन मिनिट्स', तृतीया.